जड वायू वर जातो कसा, आणि ओझोनचे करतो काय

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे: "नववीच्या मुलांना ओझोनचा धडा शिकवताना तीन ठिकाणी मी अडते. क्लोरोफ्लुओरोकार्बन हवेपेक्षा चौपट जड, मग ते वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर जातात कसे? फ्रिज आणि एसी जगभर आहेत, मग भोक अंटार्क्टिकावरच का? आणि या वायूंवर बंदी येऊन इतकी वर्षे झाली, तर आमच्या घरातल्या जुन्या एसीची आता काळजी करायची की नाही?"

बाई, माझे आयुष्य रेफ्रिजरेशनच्या कामात गेले. आधी दुरुस्ती, मग शीतगृहांची देखभाल, आणि आता एसी मेकॅनिक मुलांना शिकवतो. त्यांचेही पहिले दोन प्रश्न हेच असतात आणि तिसरा त्यांच्या पोटापाण्याचा असतो. माझ्या मते तिन्हींचे उत्तर एकाच जागी येऊन मिळते: हा रेणू तांब्याच्या नळीत आहे तोवरच आपल्या हातात असतो. नळीतून सुटल्यावर त्याला अडवण्याचा कोणताही उपाय माणसाजवळ नाही. हे नुसते सांगून भागत नाही, पटावे लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वजनाचे. आर-१२ या जुन्या फ्रिजच्या वायूचा रेणुभार १२१, हवेचा सरासरी २९. म्हणजे चौपट जड हे खरेच. बंद खोलीत आर-१२ चा सिलिंडर फुटला तर वायू आधी जमिनीलगत साचतो, आणि म्हणूनच तळघरातल्या प्लांटरूममध्ये मेकॅनिक गुदमरण्याचा धोका असतो. मुलांना हे माहीत असते, म्हणून त्यांना शंका येते. पण वातावरण म्हणजे बंद खोली नव्हे. पुराच्या पाण्यातली माती पाण्यापेक्षा जड असूनही समुद्रापर्यंत तरंगत जाते, कारण पाणी तिला बसूच देत नाही. हवेचेही तसेच. जमिनीपासून साधारण १०० किलोमीटरपर्यंतची हवा सतत घुसळली जात असते आणि त्या घुसळणीपुढे रेणूच्या वजनाला काही किंमत उरत नाही. वर्गात सांगायला सोपा पुरावा आहे. आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड आहेत, तरी कोकणच्या किनाऱ्यावर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेतले त्यांचे प्रमाण जवळजवळ तेच असते.

हे नुसते तर्काने ठरलेले नाही. जेम्स लव्हलॉक यांनी अतिशय सूक्ष्म प्रमाण ओळखणारा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला होता. तो घेऊन १९७१-७२ मध्ये ते 'शॅकलटन' या जहाजातून ब्रिटनहून अंटार्क्टिकाच्या दिशेने गेले आणि वाटेत हवा मोजत राहिले. आर-११, म्हणजे आर-१२ सारखाच दुसरा क्लोरोफ्लुओरोकार्बन, सगळीकडे सापडला, जिथे तो वापरणारे जवळपास कोणी नव्हते त्या दक्षिण महासागरावरसुद्धा. पुढे बलून वर पाठवून उंचावरची हवा बाटल्यांत भरून आणली गेली. यात आपलाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या बलून केंद्रातून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशी उड्डाणे केली. अशा मोजमापांतून दिसलेले चित्र स्पष्ट आहे. पावसापाण्याच्या थरात, म्हणजे तपांबरात, या वायूंचे प्रमाण खालपासून वरपर्यंत जवळपास सारखे. वरच्या कोरड्या स्थितांबरात शिरल्यावर मात्र ते उंचीबरोबर कमी होत जाते. आर-११ झपाट्याने, आर-१२ सावकाश. वायू जड म्हणून खाली राहिला असता तर तो तपांबरातच उंचीबरोबर कमी होत गेला असता. तो स्थितांबरात कमी होतो, कारण तिथे तो मोडतो.

मग तो खालीच का मोडत नाही? वातावरणाची स्वतःची सफाईची व्यवस्था आहे. पाण्यात विरघळणारा वायू पावसाबरोबर खाली येतो. ज्याच्या रेणूत हायड्रोजन आहे त्याला हवेतले हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन-हायड्रोजनची अतिशय क्रियाशील जोडी) फोडते. उरलेल्यातला काही माती, झाडे, समुद्र शोषून घेतात. आर-११ आणि आर-१२ पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यांच्यात हायड्रोजन नाही, आणि त्यांना खाणारे पृष्ठभागावर फारसे काही नाही. म्हणून आर-११ चा रेणू सरासरी ५२ वर्षे आणि आर-१२ चा सुमारे १०० वर्षे वातावरणात टिकतो. ज्वालामुखीतून आणि समुद्राच्या खारट फवाऱ्यातून यापेक्षा कितीतरी जास्त क्लोरीन हवेत येते, हा आक्षेप अजूनही ऐकू येतो. येते, पण ते मिठाच्या किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात. त्यातले बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पावसात धुऊन निघते. स्थितांबरात पोचणाऱ्या क्लोरीनचा नैसर्गिक स्रोत मुख्यतः मिथिल क्लोराइड, आणि त्याचा वाटा एकूणाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. बाकीचे बहुतेक सगळे कारखान्यांतून आले.

हे टिकाऊपण कुणी चुकून दिलेले नव्हते. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी असा वायू शोधत होते जो पेटणार नाही, विषारी नसेल आणि धातू खाणार नाही. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असायचे आणि गळती झाली की माणसे मरायची. तेव्हाच्या गरजेला ते उत्तर योग्यच होते, आणि मिजलींना दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. वीस-तीस किलोमीटरवर काय घडते हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. त्यातला अमोनिया आजही आपल्या बर्फ कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत आहे. त्याचा वास आणि विषारीपणा सांभाळावा लागतो, पण ओझोनला त्याच्यापासून काहीही धोका नाही.

आता वर जायची वाट. स्थितांबरात हवा वाटेल तिथून शिरत नाही. ती मुख्यतः उष्ण कटिबंधावरून वर चढते, मग दोन्ही ध्रुवांकडे सरकते आणि तिथे हळूहळू खाली उतरते. या फेऱ्याला ब्रुअर-डॉबसन अभिसरण म्हणतात. जमिनीवर सुटलेला रेणू वर्षा-दोन वर्षांत दोन्ही गोलार्धांत पसरतो आणि स्थितांबरात खोलवर पोचायला त्याला आणखी काही वर्षे लागतात. उन्हाळ्यात आपल्या मोसमी पावसाचे उंच ढगही या चढाईला हातभार लावतात. त्यामुळे ठाण्यात सुटलेला वायू आणि शिकागोत सुटलेला वायू यांत अंटार्क्टिकाच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

वर ओझोनच्या थरातून आणि त्याच्याही वर गेल्यावर या रेणूला असे अतिनील किरण भेटतात जे खाली ओझोनने कधी येऊच दिले नव्हते. त्यांची तरंगलांबी साधारण २२० नॅनोमीटरपेक्षा कमी असते, आणि त्यांनी कार्बन-क्लोरीन बंध तुटतो. सुटलेला क्लोरीनचा एकटा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन हिसकावतो आणि क्लोरीन मोनॉक्साइड बनतो. मग त्याला ऑक्सिजनचा एखादा सुटा अणू भेटला की तो दोघांचा साधा ऑक्सिजन वायू करून स्वतः पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनकडे वळतो. क्लोरीन खर्च होतच नाही. शांत होण्याआधी एक अणू हजारो, कधी लाखभर ओझोन रेणू संपवतो असा अंदाज आहे. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी कॅलिफोर्नियात बसून हे कागदावर मांडले आणि जून १९७४ मध्ये 'नेचर'मध्ये छापले. त्या वेळी स्प्रेचे डबे आणि फ्रिज यांचा मोठा उद्योग त्यांच्या विरोधात उभा राहिला होता. १९९५ मध्ये पॉल क्रुत्झन यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले.

पण एक गोष्ट पाठ्यपुस्तकात बहुधा येत नाही आणि दुसऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. क्लोरीन सगळा वेळ मोकाट नसतो. मिथेनशी भिडून तो हायड्रोजन क्लोराइड होतो, नायट्रोजन डायऑक्साइडशी जुळून क्लोरीन नायट्रेट होतो. हे दोन रेणू ओझोनला हात लावत नाहीत. स्थितांबरातले बहुतेक क्लोरीन कुठल्याही क्षणी या दोन रूपांत अडकलेले असते. म्हणून १९७० च्या दशकातले भाकीत माफक होते: चाळीस किलोमीटरच्या आसपास, काही टक्के, अनेक दशकांनी.

घडले वेगळेच. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाचे जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये हॅली बे तळावरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ओझोन मोजायचे एकक डॉबसन. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणून पसरला आणि तो ३ मिलिमीटर जाड भरला तर ते ३०० डॉबसन. हॅलीला पूर्वी ऑक्टोबरची सरासरी ३०० च्या आसपास असायची, ती १९८० च्या दशकाच्या मध्याला २०० पर्यंत घसरली होती. हे कळले ते एका जुन्या, हाताने चालवायच्या डॉबसन स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, वर्षानुवर्षे चिकाटीने घेतलेल्या नोंदींतून. नासाच्या निंबस-७ उपग्रहालाही हे आकडे दिसत होते, पण १८० च्या खालचे मोजमाप संशयास्पद म्हणून बाजूला काढण्याची सोय त्याच्या प्रणालीत होती. ते मोजमाप फेकून दिलेले नव्हते; पुन्हा तपासल्यावर उपग्रहानेही तेच दाखवले आणि खड्ड्याचा पसाराही कळला. पुढच्या काळात तो एखाद्या वर्षी भारताच्या क्षेत्रफळाच्या आठ पटींहून मोठा भरला आहे.

अंटार्क्टिकाच का, याचे उत्तर थंडीत आणि काळोखात आहे. दक्षिणेच्या हिवाळ्यात तिथे महिनोन्महिने सूर्य उगवत नाही. खंडाभोवती वाऱ्याचा भोवरा फिरतो आणि आतली हवा बाहेरच्या उबदार हवेपासून तोडली जाते. तापमान उणे ७८ अंश सेल्सियसच्या खाली गेले की एरवी कोरड्याठाक असलेल्या स्थितांबरात नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे ढग जमतात. या ढगांच्या कणांवर ते दोन निरुपद्रवी रेणू, हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट, एकमेकांना भेटतात आणि क्लोरीन वायू मोकळा करतात. नुसत्या हवेत ही क्रिया जवळजवळ होतच नाही. तिला पृष्ठभाग लागतो. शिवाय नायट्रिक आम्ल कणांबरोबर खाली बसून जाते, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवणारे नायट्रोजन डायऑक्साइडही कमी पडते. ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरात तिरपे ऊन परत येते. क्लोरीन वायू फुटायला तेवढे ऊन पुरते, आणि कत्तल सुरू होते.

इथे आणखी एक खुबी आहे. ध्रुवावरच्या त्या मंद उन्हात ऑक्सिजनचे सुटे अणू फार थोडे असतात, म्हणून वर सांगितलेले चक्र तिथे चालू शकत नाही. तिथे क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू आपापसात जुळतात, ऊन त्या जोडीला फोडते आणि दोन्ही क्लोरीन मोकळे होतात. हे चक्र १९८७ मध्ये मारिओ मोलिना आणि लुइसा मोलिना यांनी दाखवले. दोन रेणू भेटावे लागतात, म्हणून वेग प्रमाणाच्या वर्गाने वाढतो: क्लोरीन मोनॉक्साइड दुप्पट झाले तर ही नासाडी चौपट वेगाने. वातावरणातले क्लोरीन अनेक वर्षे शांतपणे वाढत गेले आणि खड्डा मात्र एकदम उघडल्यासारखा वाटला, त्याचे मोठे कारण या थंड ढगांइतकेच या गणितातही आहे. साधारण चौदा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही वेळा ओझोन जवळपास शून्यावर येतो.

ढगांची ही कल्पना सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडली, आणि त्याच वर्षी त्या स्वतः अंटार्क्टिकावर मॅकमर्डो तळाला जाऊन मोजमापे घेऊन आल्या. पुढच्या वर्षी चिलीतल्या पुंता अरेनास इथून नासाचे ईआर-२ विमान सरळ भोवऱ्यात शिरवले गेले. त्यावर जेम्स अँडरसन यांचे क्लोरीन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र होते. सप्टेंबरच्या मध्याला मिळालेला आलेख मी प्रत्येक वर्गात दाखवतो: भोवऱ्याची कड ओलांडताच एक रेघ उसळते आणि त्याच जागी ओझोनची रेघ कोसळते, खाचाखोचांसह. वाद तिथेच मिटायला हवा होता, आणि बहुतांशी मिटलाही.

तुमच्या विद्यार्थ्यांचा पुढचा प्रश्न असेल की मग आपल्या डोक्यावर काय? उष्ण कटिबंधावर ओझोन मुळातच कमी, साधारण २५० ते २८० डॉबसन. पण इथे स्थितांबरात चढणारी हवा ताजी असते. तिच्यातले क्लोरीन अजून मूळ रेणूतच अडकलेले असते. ध्रुवापर्यंत पोचता पोचता ते सुटते. म्हणून आपल्यावर खड्डा पडत नाही. आर्क्टिकवर भोवरा तितका पक्का आणि थंड नसतो, तरी २०११ आणि २०२० च्या वसंतात तिथेही मोठी घट झाली. ही मोजमापे आपल्या देशातही जुनी आहेत. कोडाईकनालला १९५७ पासून डॉबसन यंत्र आहे, पुण्यातून ओझोन मोजणारे फुगे सोडले गेले, आणि ते उपकरण, ओझोनसाँड, १९६० च्या दशकात ॲना मणी यांच्या पुढाकाराने हवामान विभागाने देशातच घडवले होते. अंटार्क्टिकावरच्या मैत्री तळावरूनही असे फुगे गेले आहेत. त्या मोहिमांची व्यवस्था गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. कोणी मुलाने 'हे सगळे परदेशातले' म्हटले तर हे जरूर सांगा.

क्लोरीन, फ्लुओरीन, ब्रोमीन हे एकाच कुळातले; पण 'हॅलोजन' म्हटले की सगळे एका मापाने मोजू नयेत. फ्लुओरीन ओझोनचे काही बिघडवत नाही; तो सुटला तरी लगेच हायड्रोजन फ्लुओराइड होतो आणि तो बंध इतका घट्ट की पुन्हा सुटत नाही. ब्रोमीन उलट. त्याला बांधून ठेवणारे रेणू कच्चे असतात, ऊन लागताच फुटतात, त्यामुळे त्याचा मोठा हिस्सा कायम मोकाट. स्थितांबरात ब्रोमीनचा एक अणू क्लोरीनच्या सुमारे साठ अणूंइतके नुकसान करतो. म्हणून आग विझवणाऱ्या हॅलॉनचा ओझोन-नाश निर्देशांक इतका वर: आर-११ ला १ धरले तर हॅलॉन-१३०१ ला १०, हॅलॉन-१२११ ला ३. जुन्या संगणक कक्षांतल्या आणि विमानांतल्या आग विझवणाऱ्या यंत्रणांत ते असायचे. विमानांत अजूनही आहेत. मिथिल ब्रोमाइड हा धुरीचा वायू तर आजही बंदरांवर सर्रास आहे. निर्यातीच्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी 'एमबी' असा शिक्का दिसला की त्या लाकडाला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे असे समजायचे. 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता. कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेल्या या वापराला ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारातून सूट आहे. मला ती सूट खटकते, कारण उष्णतेचा पर्याय लाकडासाठी तरी हाताशी आहे.

कराराबद्दल फार लिहीत नाही, ते पुस्तकात आहे. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला, १९९० मध्ये लंडनला विकसनशील देशांसाठी निधी ठरला आणि भारत १९९२ मध्ये सामील झाला. आपण सीएफसीचे, म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बनचे, उत्पादन मुदतीच्या आधी, १ ऑगस्ट २००८ ला थांबवले. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्याप्रमाणे सगळे असेच चालू राहिले तर ओझोन १९८० च्या पातळीला बहुतेक जगात २०४० च्या सुमारास, आर्क्टिकवर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास परतेल. वाट एवढी लांब आहे ती मुख्यतः त्या ५२ आणि १०० वर्षांच्या आयुष्यांमुळे. दरम्यान चोरीही झाली. आर-११ चे प्रमाण हवेत अपेक्षेइतक्या वेगाने उतरत नाही हे २०१८ मध्ये मोजमापांवरून उघड झाले, आणि पुढच्या वर्षी त्याचा मोठा स्रोत पूर्व चीनमधल्या शानतुंग आणि हपेइ प्रांतांकडे दाखवता आला. मग ते उत्सर्जन उतरले. मोजणारी यंत्रे चालू नसती तर कुणाला कळलेही नसते.

आणि आता तुमचा जुना एसी. करारातली बंदी नवे उत्पादन आणि नव्या वायूची आयात यांवर आहे. आधी बनून यंत्रांत भरलेला वायू तिथेच असतो. त्याला या क्षेत्रात 'बँक' म्हणतात. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या तुमच्या स्प्लिट एसीत बहुधा आर-२२ असेल. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर ते लिहिलेले असते. दीड टनाच्या यंत्रात किलोभर, थोडा जास्तच. आर-२२ मध्ये एक हायड्रोजन आहे, म्हणून हायड्रॉक्सिल मूलक त्याला बहुतेक खालीच गाठते. आयुष्य १२ वर्षे, ओझोन-नाश निर्देशांक ०.०५५. म्हणजे तुमचा किलोभर वायू सुटला तर तो ओझोनसाठी ५५ ग्रॅम आर-११ सुटल्यासारखा. कमी वाटते, पण आर-२२ ची यंत्रे अफाट संख्येने आहेत. आणि हवामानाच्या दृष्टीने तोच किलो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. २०२५ पासून आपल्याकडे नव्या उपकरणांत आर-२२ भरायला मनाई आहे. दुरुस्तीसाठी तो मिळतो, पण २०३० पर्यंत त्याचे प्रमाण जवळजवळ संपवायचे आहे.

माझा जीव तुटतो तो इथे. घर बदलताना एसी काढायला आलेला माणूस स्पॅनरने फ्लेअर नट सैल करतो, 'फुस्स' होते आणि सगळा वायू दोन मिनिटांत हवेत. त्याची गरजच नसते. बाहेरच्या युनिटवरचा बारीक नळीचा, म्हणजे लिक्विड लाइनचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, कॉम्प्रेसर थोडा वेळ चालू ठेवायचा, वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढला गेला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच यंत्र थांबवायचे. याला पंप डाउन म्हणतात. कॉम्प्रेसर चालत असेल तर काही मिनिटांचे काम, खर्च शून्य. मेकॅनिकला आधीच सांगा, "पंप डाउन करूनच काढ." ज्याला येते त्याला बरे वाटते, आणि ज्याला येत नाही तो कळून येतो.

दुसरी खोड म्हणजे दर उन्हाळ्यात 'गॅस टॉप-अप'. एसीतला वायू पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहेच. मुंबईत नाल्याकाठच्या इमारतींत तर सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रे पाडतो; तिथे नुसता वायू भरत राहणे म्हणजे तो हप्त्याहप्त्याने आकाशात पाठवणे. आधी नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचे पाणी लावून गळती शोधायची, कॉइल दुरुस्त करायची किंवा बदलायची, व्हॅक्यूम करायचे आणि मगच वजन करून वायू भरायचा.

मेकॅनिकांना मी दोष देत नाही. वायू परत ओढून घेणारे रिकव्हरी मशीन महाग आहे, कुणाच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाला ते परवडत नाही, गिऱ्हाईक त्या वेळेचे पैसे द्यायला तयार नसते, आणि काढलेला अशुद्ध वायू घ्यायचा कुणी, हा प्रश्न बहुतेक गावांत सुटलेला नाही. यंत्र स्वस्त होणे आणि परत आणलेल्या वायूला भाव मिळणे, या दोन गोष्टी झाल्या तर शिक्षा आणि उपदेश दोन्ही लागणार नाहीत असे मला अनुभवाने वाटते.

फ्रिजच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सीएफसीच्या काळातल्या फ्रिजमध्ये वायूच्या नळ्यांत जेवढा आर-१२ असायचा, त्याच्या दुपटी-तिपटीने आर-११ भिंतींतल्या पिवळसर फोममध्ये असायचा. तो फोम फुगवायलाच वापरलेला. भंगारवाला कॉम्प्रेसर आणि तांबे काढतो आणि फोम तोडून उकिरड्यावर टाकतो किंवा जाळतो. फोमच्या बारीक पोकळ्या फुटल्या की वायू मोकळा. आर-११ नंतर तिथे हायड्रोजन असलेला एचसीएफसी-१४१बी आला, तोही आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून बंद झाला; बऱ्याच फ्रिजमध्ये आता सायक्लोपेंटेन असते, ज्यात हॅलोजनच नाही. म्हणून गावातला तीस वर्षांपूर्वीचा फ्रिज काढायचा असेल तर तो फोडू न देता अखंड, नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

नवा एसी घेताना काय बघावे, हेही मुले विचारतात. आर-४१०ए आणि आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, ओझोनला त्यांचा उपद्रव नाही. पण तापमानवाढीत आर-४१०ए आर-२२ पेक्षाही थोडा पुढे आहे, आर-३२ त्याच्या साधारण एक-तृतीयांश. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने हे वायूही करारात आणले. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. ओझोनला शून्य, हवामानाला नगण्य. गोदरेजने आपल्या शिरवळच्या कारखान्यात त्यावर चालणारे स्प्लिट एसी बनवून दाखवले आहेत. तो ज्वालाग्राही असल्याने यंत्र त्यासाठीच बनवलेले हवे आणि बसवणारा शिकलेला हवा. जुन्या आर-२२ च्या यंत्रात 'तोच गारवा, कमी पैशात' म्हणून कुणी आर-२९० किंवा स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या यंत्रातले स्विच आणि वायरिंग ठिणगीने पेट घेणाऱ्या वायूसाठी नाहीत.

शेवटी करारात नसलेला एक वायू. डायक्लोरोमीथेन, कारखान्यांच्या बोलीत एमडीसी. औषधे बनवताना द्रावक म्हणून त्याचा भरपूर वापर होतो, आणि आपल्या किनारपट्टीवरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या पालकांना तो नावाने माहीत असेल. त्याचे आयुष्य सहा महिन्यांच्या आसपास, म्हणून त्याला करारातून वगळले गेले. पण या शतकाच्या सुरुवातीपासून हवेतले त्याचे प्रमाण दुपटीपेक्षा वाढले आहे, आणि मोसमी ढग ज्या भागात हवा झपाट्याने वर नेतात त्याच भागात, म्हणजे आशियात, तो सर्वाधिक सुटतो. सहा महिने वर पोचायला पुरतात. सध्या त्याचा वाटा लहान आहे. कारखान्यांत तो थंड करून परत मिळवण्याचे कंडेन्सर असतात आणि ते नीट चालवले तर कारखान्याचाच पैसा वाचतो. उन्हाळ्यात चिलरचे पाणी पुरेसे थंड राहत नाही तेव्हा त्यातला बराच भाग व्हेंटमधून निसटतो. अशा चिलरची देखभाल आमच्याच धंद्यातली माणसे करतात, म्हणून आता प्रशिक्षणात मी त्याचाही एक तास ठेवतो.